घटाची माती

"बघा, ह्याला म्हणत्यात घरची माती!"

धोंडीराम घटापुढं उकिडवा बसून म्हणाला. नवरात्राचा नववा दिवस. गहू, ज्वारी वीतभर वर आली होती, पिवळीधमक आणि दाट. त्याच्यामागं त्याची सून मंगल उभी होती. ती माती घरची नव्हतीच. घट बसायच्या दिवशी तिनं ती गुपचूप बदलली होती.

धोंडीरामच्या लेखी घर म्हणजे डोंगरपट्ट्यातलं त्याचं जुनं गाव. ऊसतोडीला येता-जाता त्यानं उमापूरच्या शिवारातला हा माळ हेरला आणि पंधरा वर्षांपूर्वी तीन एकर घेऊन त्यावर पत्र्याचं शेड ठोकलं. गाव हसलं. पाव्हणा दगडं पेरणार हाय म्हणून पारावर चेष्टा झाली. पाव्हण्यानं दगड वेचले, त्यांचेच बांध घातले, तळ्यातला गाळ वाहून आणून पसरला. आता त्या माळावर तूर डोक्याला लागते आणि हसणारेच बी मागायला येतात.

पण पहिल्या वर्षी त्यानं माळाच्या मातीत घट बसवला, तेव्हा एक दाणा उगवला नव्हता. नुसता मुरूम तो, उगवणार काय! धोंडीरामनं मात्र तो देवीचा कौल मानला. "ह्यो माळ पोटापुरता," तो म्हणाला, "घट उगवंल तिथं घर." तेव्हापासून दरवर्षी घट बसायच्या आधी त्याची बायको छबुबाई एसटीनं डोंगरातल्या गावाला जायला निघायची आणि दोन दिवसांनी पिशवीभर माती घेऊन परतायची. गुडघ्यांनी दगा दिला, पण तिची फेरी चुकली नाही.

यंदा घरकुल मंजूर झालं होतं. जागा धोंडीरामच्या नावावर, म्हणून कागदावर सही त्याची हवी होती. दसरा झाला की मुदत संपणार होती. म्हातारा सहीचं नाव काढू देत नव्हता. मुलगा प्रवीण गावात वाघ आणि बापापुढं शेळी, त्याच्याकडून काही होणार नव्हतं. मंगलनं अकरा उन्हाळे त्या पत्र्याखाली काढले होते. तिला भिंती हव्या होत्या. भर दुपारी लेकराला निजवता येईल एवढ्याच, जास्त नाही.

म्हणून सासूनं आणलेली पिशवी तिनं बांधाकडेला रिकामी केली आणि तुरीच्या ओळीतली माती चाळून घटाखाली पसरली. दाणे उगवले नसते, तर घराची आशा कायमची संपली असती. तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब दिसले, तेव्हा ती आडोशाला जाऊन रडली होती.

"मामा," ती आता म्हणाली, "ही माळाची माती हाय. मी बदलली. मला काय बोलायचं ते बोला, पण सही करा."

धोंडीराम गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"देवीच्या घटात लबाडी? त्या म्हातारीनं पाय घासत डोंगरातनं माती आणायची, आन् तू ती फेकायची?"

चुलीपाशी पुरण घोटणारी छबुबाई हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना.

"तिला कावून बोलताव?" ती म्हणाली. "तिनं माळाचीच माती वतली आन् माळाचीच भरली."

"म्हंजे?"

"चार वर्षं झाली. गेवराईला डोंगराकडची गाडी आली न्हाई, गुडघं लई ठणकत व्हतं. मंग तलवाड्याला बहिणीकडं गेले. तवापासनं तिथंच जाते. माती हितलीच. घरनं निघतानाच पिशवी भरून नेते."

मंगलनं डोळे विस्फारून सासूकडं पाहिलं. एवढी वर्षं तिनं ती पिशवी स्वतः एसटीत चढवून दिली होती, आणि मोकळी पिशवी इतकी जड कशी, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"आन् मला सांगितलं न्हाई?" धोंडीराम म्हणाला.

"सांगितलं असतं तर मलाच डोंगरात धाडलं असतं तुमी. यंदा सांगावं म्हणत व्हते, धीर व्हईना. पोरीनं केला." छबुबाईनं डोळे पुसले. "बहिणीच्या हातचं दोन दिवस खायला मिळायचं, त्ये बी खरं."

धोंडीराम दारात गेला. समोर त्यानंच घातलेले बांध होते आणि वाऱ्यावर हलणारी तूर होती. त्यानं ती पहिल्यांदाच बघतोय तशी बघितली. दर दसऱ्याला तो डोंगराच्या दिशेला तोंड करून हात जोडायचा आणि पुढच्या साली तरी घरी ने म्हणून देवीला साकडं घालायचा.

"छबे," तो तुरीकडं बघतच म्हणाला, "म्हंजे आपुन चार वर्षांमागंच घरी आलताव की!"