पंखावरची फळी

थोरल्याने मोडक्या विमानाच्या पंखावर फळी आडवी ठेवली आणि ड्रिल तसेच पेटीत परत टाकले.

"भोकं पाडून बोल्टनं आवळ, दादा," हेलिकॉप्टरचा पायलट लंबू म्हणाला. "हेलिकॉप्टरखाली टांगलेलं विमान वारा लागला की गप्प राहत नाही. पंख त्याला वर उचलायला बघतात. फळीनं वारा तोडलाच पाहिजे. दोराचा काय भरवसा?"

"दोर पुरेल. त्याच्या विमानाला आणखी भोकं नकोत."

लंबूने ड्रिलची पेटी बंद केली. याच माळावर विमान आदळून थोरल्याचा धाकटा भाऊ गेला होता, लंबूचा जिवलग. चौकशीवाल्यांनी सारा दोष धाकट्याच्या माथी मारला होता. इंजिन हवेतच बंद पडले होते, हे आता फक्त ते इंजिनच सांगू शकणार होते. म्हणून विमान उचलून तपासणीला न्यायचे, असा शब्द थोरल्याने आईला दिला होता. विमानाचे नाक चेपले होते, शेपूट वाकले होते; पंख मात्र शाबूत. थोरल्याने त्यांच्यावरचा चिखल फडक्याने हळुवार पुसला आणि दोर आवळले.

"माझ्या हाताखाली उडायची लाज वाटायची लेकाला," लंबू हेलिकॉप्टरमध्ये चढता चढता म्हणाला. "आज बघ, मुकाट लटकून येतोय." त्याचे हसू अर्ध्यावरच विझले.

विमान खाली लटकवून हेलिकॉप्टर उडाले. माळाच्या कडेच्या तळ्यापर्यंत सारे ठीक होते. मग डाव्या पंखावरून काहीतरी निखळून काठावर पडले.

"दादा, फळी गेली!" खाली थोरल्याच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला.

पंख वाऱ्याने उचलला गेला. विमान झोका घेत हेलिकॉप्टरच्या पोटापर्यंत वर आले, खाली गेले, पुन्हा वर आले.

"वेग कमी कर."

"केला. मलाच ओढतंय. सोडू का?"

हे कोणी विचारत नसते. ओझे अडकवलेला आकडा उघडायचे बटण पायलटच्या अंगठ्याखाली असते आणि निर्णयही त्याचाच. वर हेलिकॉप्टर एका अंगावर कलले.

"तू म्हणशील तसं, दादा."

"सोड," थोरला म्हणाला. "सोड रे, बाळा."

विमान सरळ कोसळले नाही. त्या स्वच्छ पंखांवर ते क्षणभर तरंगले, जणू कोणी आत बसले होते. मग तळ्याने ते पोटात घेतले. त्या तळ्याचा ठाव आजवर कोणालाच लागला नव्हता.

लंबू उतरून आला, तेव्हा थोरला काठावर फळी मांडीवर घेऊन बसला होता. दोर तुटला नव्हता, सैलही झाला नव्हता. पुसून गुळगुळीत केलेल्या पंखावरून तो फळीसकट अख्खाच्या अख्खा निसटला होता.

"आईला काय सांगायचं?" लंबूने विचारले.

थोरला दोराची गाठ सोडवत राहिला. ती काही केल्या सुटेना.