अर्धा शब्द

"बा," खाटेवरून बाळाप्पा म्हणाले, आणि सगुणाबाईंनी भाकरीचं ताट होतं तिथंच ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले.

अर्धांगवायूनं आडवं पडलेल्या या माणसाच्या तोंडून नाताळापासून एवढा एकच शब्द निघत होता. शब्द तरी कसला, शब्दाचा तुकडा. पण सगुणाबाईंच्या लेखी तो सोन्याचा होता. धडधाकट असताना चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून उपदेशभर डुलक्या काढणारा आपला नवरा आता घटकेघटकेला 'बापा' म्हणू बघतो आणि त्यातला 'पा' बिचाऱ्याच्या जिभेवर अडकतो, असं त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं होतं. पाळकसाहेबांनी ते सगळ्या मंडळीला सांगितलं. उणकलच्या ख्रिस्ती घरांतून कोण अप्रूप झालं होतं त्याचं!

"हे दयाळू बापा," सगुणाबाईंनी सुरुवात केली. नवऱ्याचा अर्धा शब्द आधी पुरा करायचा आणि मग आपलं मागणं मांडायचं, हा त्यांचा रोजचा रिवाज. "माझा शमुवेल धारवाडात सप्तापूरला राहतो, बसनं जाण्याइतका जवळ. पण त्यानं मनाविरुद्ध लग्न केलं आणि हे बोलून गेले, मी बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. पोरगाही बापाच्याच वळणाचा, टाकत नाही. यांचं मन वळव, बापा. यांच्या तोंडून पोराला एकदा हाक निघू दे. मी मागायची थकणार नाही."

थकत नव्हत्या हे खरं. पण मागितलेलं मिळेल असं वाटतं का, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"बा," बाळाप्पा पुन्हा म्हणाले.

"बंदे री अण्णा, बंदे!"

शेजारची लक्कव्वा 'आले, आले' करत कोथिंबिरीची जुडी घेऊन थेट आतल्या खोलीत शिरली. ती घरी कन्नड बोलणारी. कुणी 'बा' म्हटलं की 'ये' म्हणतंय, आणि बोलावल्यावर जायचं, एवढं तिला साधं ठाऊक होतं.

सगुणाबाईंनी एक डोळा उघडला. "तुला नाही गं बोलावलं. आमची प्रार्थना चाललीय."

"बरं, होऊ द्या." लक्कव्वा भिंतीला टेकून उभी राहिली. सगुणाबाईंनी डोळा पुन्हा मिटला. लक्कव्वाचे दोन्ही उघडेच होते.

"यांच्या तोंडून पोराला एकदा..."

"अक्का," लक्कव्वा मध्येच म्हणाली, "मला नव्हं, हे खरं. पण अण्णा कुणाला तरी बोलावत्यात की. हात बघा त्यांचा."

"कसला हात?"

"तुम्ही डोळं झाकल्यावर कसा हलतोय बघा तरी."

सगुणाबाईंनी वैतागून डोळे उघडले. बाळाप्पांचा डावा हात, तेवढाच काय तो त्यांच्या ताब्यात राहिला होता, गोधडीवर पालथा पडला होता. बोटं आत ओढली जात होती, सुटत होती, पुन्हा आत येत होती. नजर दाराकडे लागली होती. अंगणात खेळणाऱ्या पोराला घरात बोलवावं, तसा तो हात हलत होता.

"बा."

सगुणाबाईंनी जोडलेले हात सोडले. बायकोशी बाळाप्पा जन्मभर मराठी बोलले. पण शमुवेलशी त्यांचं सगळं कन्नडमधून चालायचं. लाड कन्नडमधून, रागावणं कन्नडमधून, 'घरात पाऊल टाकू नकोस' हेसुद्धा कन्नडमधूनच. बाजारात कन्नडमधून घासाघीस करणाऱ्या सगुणाबाईंना 'बा' म्हणजे 'ये' हे काय कुणी शिकवायला हवं होतं? पण त्यांना तो शब्द देवासाठीच हवा होता, म्हणून त्यांनी तो देवाला देऊन टाकला होता.

"अहो," त्या खाटेवर वाकल्या. "शमूला बोलावताय?"

बाळाप्पांची मान हलत नव्हती. पापण्या घट्ट मिटल्या, उघडल्या, आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

सगुणाबाई खाटेजवळ खाली बसल्या. नाताळापासून! नाताळापासून हा माणूस पोराला हाका मारतोय, आणि त्याच्या प्रत्येक हाकेला आपण डोळे मिटून देवापुढे रडतोय, की याच्या तोंडून हाक निघू दे. आणि हा? हा पडल्या पडल्या काय बघत असेल? बोलावलं की बायको हात जोडून बसते. पुन्हा बोलावलं, पुन्हा बसते. त्यांना एकाच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि आनंदही मावेना. हसू येतंय की रडू, काही कळेना.

"अक्का, पाणी देऊ?" लक्कव्वा घाबरून म्हणाली.

"पाणी नको. तू यांच्याजवळ बस." सगुणाबाई उठल्या. चपला उलट्यासुलट्या पायात सरकवल्या. "मी धारवाडची बस धरते. शमूला घेऊनच येते."

बाळाप्पांचा हात थांबला. ते बायकोकडे टक लावून बघत राहिले.

"आणि प्रार्थना?" लक्कव्वा दारापर्यंत मागे आली. "अर्धीच टाकून चालला की. ते शेवटचं आमेन तरी म्हणून जावा."

"आमेन तिकडून कधीच झालंय गं," सगुणाबाई रस्त्यावरून ओरडल्या. "मीच मागत बसले होते!"