नटावरची लाल रेघ

“परत लाल आलं, बाबा.” मिनलनं लॅपटॉप सासऱ्यांकडे किंचित वळवला.

किसनरावांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. लाल अक्षरांची ओळ होती. ती वाचायची त्यांना गरज नव्हती, पण त्यांनी वाचल्यासारखं केलं.

“सापडंल. दम धर,” ते म्हणाले.

दापोडीच्या त्या दोन खोल्यांत काम अडून बसल्याचा हा पाचवा रविवार. टेबलावर टीव्ही, त्याला जोडलेला बुद्धरत्नच्या लहानपणीचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम आणि शेजारी लॅपटॉप. बुद्धरत्न जाऊन दीड वर्ष झालं होतं. किसनरावांचा एकुलता मुलगा, मिनलचा नवरा. आजारपणाआधी त्यानं ह्या जुन्या खोक्यावर चालेल असा एक गेम स्वतः लिहिला होता. एक माणूस सायकलला डबा अडकवून दापोडीहून भोसरीला पहिल्या शिफ्टला निघतो, एवढाच. बाबांसाठी लिहिला होता.

त्याचा लॅपटॉप कंपनीनं परत नेला. उरला पेन ड्राइव्ह. त्यातल्या लिखाणाचा गेम करायचा तर किसनरावांच्या घरीच ठेवलेल्या नव्या लॅपटॉपवर त्याची सगळी जुनी अवजारं जशीच्या तशी बसवावी लागत होती. कंपायलर अमुकच हवा, लायब्ररी तमुकच हवी. एक जरी इकडची तिकडे झाली की लाल ओळ.

मिनल तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला होती आणि तिथंच मैत्रिणीसोबत राहायची. गेम चालू झाला की तिला इथं यायला कारण उरणार नव्हतं. हे किसनरावांना पुरतं कळत होतं.

म्हणूनच दर शनिवारी ते सेटिंगच्या फायलीतलं एक अक्षर खोडून ठेवायचे.

अख्खी हयात त्यांनी भोसरीत सेटर म्हणून काढली होती. मशीनची सेटिंग लावायची, पहिला पीस पास करायचा आणि मग प्रत्येक नटावरून लाल रंगाची बारीक रेघ मारायची, अर्धी नटावर, अर्धी मशीनवर. कुणी नट हलवला की रेघ तुटते. मग त्यानं कितीही शपथा खाल्ल्या तरी उपयोग नसतो. असा माणूस आता चोरासारखा आपलीच सेटिंग हलवत होता. त्यांना लाज वाटायची. पण रविवारी सकाळी दारातून ‘जय भीम, बाबा’ ऐकू आलं की ती कुठल्या कुठे जायची.

खोडलेलं अक्षर मिनल तासाभरात शोधायचीच. पण निघता निघता दुसरंच काहीतरी अडायचं. जुन्या मशीनचंही असंच असतं, एक नट आवळला की दुसरा ढिला, असं म्हणून ते सोडून द्यायचे.

“चहा ठेवा ना, बाबा. तुमच्या हातचा,” मिनल म्हणाली. ते उठले.

बुधवारी लातूरहून मिनलच्या आईचा, विजयश्रीताईंचा फोन आला.

“स्थळ चांगलं हाय, किसनभाऊ. पण पोरगी म्हणती, बाबांचं काम अर्धं हाय, ते झाल्याबिगर विषय काढू नका. तुमीच सांगा की तिला.”

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. तिशीतली पोर. तिचं सगळं आयुष्य पुढं पडलंय, आणि आपण ते एका अक्षरानं अडवून धरलंय. त्यांना स्वतःचीच चीड आली.

शनिवारी ते सकाळीच बसले. मिनलनं केलेली प्रत्येक पायरी त्यांनी वहीत उतरवून ठेवली होती, कंपनीतल्या सेटिंग शीटसारखी. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दोनदा चुकले, दोनदा मागे आले. दुपारी चारच्या सुमाराला लाल ओळ आली नाही. टीव्हीवर एक सायकल आली. हँडलला डबा होता.

किसनरावांनी घाईनं टीव्ही बंद केला. पोराचा गेम मिनलसोबतच बघायचा होता. डोळे मात्र भरून आले. मग जुन्या सवयीनं त्यांनी प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ वहीत लिहिली आणि खाली लाल पेनानं रेघ मारली.

“आज होतंय बघ,” रविवारी ते दारातच म्हणाले.

मिनल त्यांच्याकडे बघत राहिली. “एवढ्या खात्रीनं सांगताय?”

“वाटतंय आपलं.”

तिनं लॅपटॉप उघडला. एकेक फाइल चाळली. मग मान वर न करता म्हणाली, “आधी चहा होऊ दे ना, बाबा.”

ते दोन कप घेऊन बाहेर आले तेव्हा पडद्यावर लाल ओळ होती.

“नाहीच झालं,” मिनल म्हणाली. “पुढच्या रविवारी बघू.” आणि कप घेऊन ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

किसनरावांनी वही उघडली आणि फायलींच्या वेळा एकेक करून ताडून पाहिल्या. सगळ्या शनिवारच्या होत्या, एक सोडून. सेटिंगची फाइल आज सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी बदलली होती, ते आत चहा गाळत होते तेव्हा.