नकार पोहोचला

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑफिसातून मोठे साहेब फायबर केबलच्या टोकाला बसून संदेश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या नव्या यंत्राबद्दल पडद्यावर तावातावाने बोलत होते. "जवळ-लांब सगळीकडे एकच ट्रान्सीव्हर, लाइन कमजोर झाली की आपणहून वेग कमी करणारा, आणि वर स्वस्त! मॅडम, एक ना धड भाराभर चिंध्या. फायबरवर असला पोरखेळ चालत नाही. प्रकल्प बंद करा."

इंजिनिअर बाईंच्या साथीदारांनी माना खाली घातल्या. बाई मात्र शांत होत्या.

"साहेब, सकाळी रस्ता खोदताना आपली केबल दबली आणि तुमच्या पसंतीच्या महागड्या ट्रान्सीव्हरनं मान टाकली. म्हणून दोन्ही टोकांना आम्ही आमचा बसवला. तुमचा हा नकारसुद्धा त्यानंच पोहोचवलाय."

पडद्यावर साहेब हलेचनात. बाईंनी निरखून पाहिलं. चित्र अडकलं नव्हतं.