सुलट

"आधी पुस्तक सुलट धर, मग बोल!" बाई म्हणाल्या आणि सातवीचा वर्ग खो-खो हसला.

'मला आवडलेलं पुस्तक' सांगायला अबोल मृण्मयी आज पहिल्यांदाच आपणहून उठली होती. हातातली जपानी चित्रकथा, मांगा, तिने मागच्या बाजूने उघडली होती. ती मुकाट्याने खाली बसली.

काढून घेतलेलं ते पुस्तक बाईंनी शिक्षकखोलीत डावीकडून उघडलं. पानावर ठळक छापलं होतं, 'थांबा! हा शेवट आहे. मांगा उजवीकडून वाचतात.' बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझीच होती गं," दुसऱ्या दिवशी पुस्तक परत देताना त्यांनी भर वर्गात कबूल केलं. "एका बैठकीत वाचून काढलं. आता पुढचं कुठलं वाचू?"

मृण्मयीने पुस्तक दप्तराच्या तळाशी सारलं.

"तुम्हीच सांगा, बाई. मी सुलट धरीन."