देवाचं गाठोडं

"थांबा! आधी देव," घरमालकीण प्रमिलाबाई म्हणाल्या आणि खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

कवडू पाठीवर ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन जागच्या जागी थांबला. मागे गावच्या लहानूची बैलगाडी उभी होती. गाडीत पाटा, दोन डबे, एक ट्रंक आणि सायकल. चाकाचा आधार घेऊन कवडूची बायको पंचफुला सातव्या महिन्याचं पोट सांभाळत उभी होती.

"पह्यले देव, मंग मीठ, मंग बाकी सारं," घरमालकीणबाई म्हणाल्या. हातात तबक, तबकात हळदकुंकू आणि पेटलेलं निरांजन. बाई मोठ्या हौशी! "ओवाळल्याबिगर मी भाडेकरूचे देव आत घेत नाई."

कवडूनं पाठीवरचं पोतं सावरलं. देव आणायचे कुठून? गेल्या दसऱ्याला तो नागपूरहून बुद्धाची दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी खंडोबापासून मरीआईपर्यंत घरातले सगळे देव त्यानं स्वतःच्या हातानं धाम नदीच्या डोहात सोडले होते. काय हलकं वाटलं होतं तेव्हा! पण त्या दिवसापासून गावची दाई त्यांच्या वस्तीकडे फिरकेनाशी झाली. कवडू रोज पाच मैल सायकल हाणत वर्ध्याला कचेरीत चपराशाच्या कामाला यायचा आणि दिवसभर एकच घोर, घरी पंचफुलेच्या पोटात दुखायला लागलं तर धावणार कोण? दोन खोल्या पाहून झाल्या होत्या. दोन्हीकडे जात विचारली, त्यानं खरं ते सांगितलं आणि दार लागलं. ही तिसरी खोली कचेरीतल्या साहेबांच्या चिठ्ठीवर मिळाली. चिठ्ठीत जात नव्हती, बाईंनी विचारली नाही आणि या खेपेला कवडूनंही आपणहून सांगितली नाही. सरकारी दवाखाना इथून दोन गल्ल्या पलीकडे होता.

"काऊन? देव आणले नाईत का?" बाईंनी विचारलं. आवाज गोडच होता.

सांगून टाकावं. जे व्हायचं ते होऊन जाऊ दे एकदाचं. कवडूनं पोतं खाली टाकलं आणि तोंड उघडलं.

"आणले ना, बाई," मागून पंचफुला बोलली. तिनं पिठाच्या डब्यामागून लाल फडक्यात गच्च बांधलेलं एक गाठोडं काढलं आणि दोन्ही हातांवर धरून पुढे आली.

कवडू बघतच राहिला. म्हणजे हिनं ठेवलेच! डोहावर आपल्या शेजारी उभी राहून, सगळ्यांदेखत हात जोडून, एखादा देव पदराआड लपवलाच की बयेनं! त्याच्या मस्तकात तिडीक गेली. खोली गेली असती तरी इतकं लागलं नसतं.

बाईंनी गाठोड्याला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. मग तबक खाली ठेवून त्या म्हणाल्या, "दे इकडं. पोटुशी बाई तू, हात वर कायले करतं?" गाठोडं त्यांनी स्वतः उचललं आणि कोनाड्यात ठेवलं. "बाप्पा! भल्ले जड हायेत तुमचे देव. उद्या सकाळी आंघोळ करून येईन. माह्या हातानं पाणी घालीन त्याहिले."

लहानू गाडी घेऊन परत गेला, बाई पलीकडे आपल्या घरात गेल्या, तेव्हा कवडूनं दार लोटलं. "कोणता ठेवला होता? मरीआई?"

"देव कुठून आणू मी?" पंचफुला म्हणाली. "वरवंटा हाय तो. माह्या मायनं सांगतलं होतं, नव्या घरात पह्यले देव मांगतेत. म्हून बांधून आणला."

कवडूला असं हसू फुटलं की त्याला तोंडावर हात दाबावा लागला. मग ते हसू आपोआपच आटलं. "अन् उद्या बाईनं गाठ सोडली म्हंजे?"

"मले नाई मालूम. पण लेकरू इथंच होईल. मी काई वापस जात नाई."

दिवेलागणीला त्यांनी चूल पेटवली. पंचफुलेनं भाकरी थापल्या. सवयीनं पाट्यावर लाल मिरच्या आणि मीठ ठेवलं आणि हात तसाच राहिला. कोनाड्याकडे एकदा बघून तिनं मिरच्या उचलून घेतल्या. दोघं कोरडी भाकर चावत बसले.

दार वाजलं. प्रमिलाबाई होत्या. हातात स्वतःच्या घरचा वरवंटा होता.

"मघापासून कान लावून बसली, वाटण्याचा आवाजच नाई. पाटा तं आला गाडीतून. वरवंटा काई दिसला नाई मले."

"गावातच राह्यला, बाई," पंचफुला म्हणाली.

"होते असं. हा घे."

पंचफुलेनं दोन्ही हातांनी वरवंटा धरला. पण बाईंनी तो सोडला नाही. त्या बघत होत्या कोनाड्याकडे.

"तुमचाबी एवढाच जड असंल," त्या हळूच म्हणाल्या, "नाई का वो?"