सोडवणं

आईने गाडीचं दार आतून लावून घेतलं आणि काचही वर चढवली. फोर्कलिफ्टवाला कपाळाला हात लावून खाली उतरला. जुन्या गाड्या मोडीत काढायच्या त्या कारखान्यात त्याने नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती, पण गाडीसकट स्वतःलाही उचलायला लावणारं हे पहिलंच.

"तुमच्या आई ना?" तो धाकटीला म्हणाला. "मग तुम्हीच बघा."

धाकटी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि इथेच शिकाऊ म्हणून काम करत होती. गाडी तिच्या दादाची. थोड्याच दिवसांत परततो म्हणून तो परदेशी गेला, आणि तिथलाच झाला. घर घेतलं, लग्न केलं. इकडे आई दर रविवारी गाडी पुसायची, चालू करून बघायची. पुढे ती चालूच होईना, तरी पुसणं सुटलं नाही. टायर बसले, तेल गळून दारापुढची फरशी काळी पडली, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. शेवटी दादाच फोनवर म्हणाला, "मोडीत काढा ना ती. ठेवलीय कशाला?" आणि लगोलग कागदही पाठवून दिले.

बाबांनी सुचवलं होतं, आई मावशीकडे गेली की गुपचूप नेऊन टाक. धाकटीला ते पटलं नाही. तिने आईला सोबत आणलं, आणि आता हे असं.

पलीकडचं दार कधीचंच लागत नव्हतं. तिथून ती आत शिरून आईशेजारी बसली.

"उद्या तो आला तर काय चालवेल?" आईने समोर बघतच विचारलं.

धाकटीच्या ओठांवर दहा उत्तरं आली. तिने एकच दिलं.

"आई, यायचं असतं तर त्याने ही मोडायला सांगितली असती?"

स्टिअरिंगवर आईचा हात तसाच राहिला. मग तिने नाक ओढलं, दार उघडलं आणि म्हणाली, "मी घरी जाणार नाही. काय करायचं ते माझ्या डोळ्यांदेखत करा."

तिला हेल्मेट आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे खुर्ची मिळाली. धाकटीने हातमोजे चढवले. आधी टाकीतलं पेट्रोल, मग इंजिनातलं तेल, वेगवेगळ्या पिंपांत. बॅटरी सुटली, चाकं सुटली. काच अलगद बाहेर आली. तारांचा भला मोठा गुंता तिने आतड्यांसारखा ओढून काढला, आणि आईने तोंड फिरवलं. पण लगेच परत वळवलं.

"हे कॉलेजात शिकवतात?"

"जोडायचं शिकवतात. सोडवायचं इथे शिकले."

"त्यात काय शिकायचं? घण घातला की झालं."

"घण घातला की सगळ्याचा चिवडा होतो, आई. नीट सोडवलं तर काच काचच राहते, तांबं तांबंच राहतं. पुन्हा कामी येतं." ती डॅशबोर्डखाली आडवी झाली होती, नुसते पाय दिसत होते. "आता हे बघ. ज्याने बनवलं त्याने सगळं डिंक लावून चिकटवून ठेवलंय. कधी सोडवावं लागेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी गाडी बनवेन ना, तेव्हा ती सोडवायची कशी, ते आधी ठरवेन."

आईने खुर्ची पुढे ओढली. पट्ट्याला टेकेपर्यंत. "तू गाडी बनवणार आहेस?"

"मग तुला काय वाटलं, मी शिकतेय काय?"

आईला खरंच ठाऊक नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं. ती लेकीच्या काळ्या झालेल्या मनगटांकडे बघत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा. त्याचा फोन आला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी आई जागची हलत नसे. धाकटीने पाना खाली ठेवला; आता तासभर तरी खोळंबा, हे तिला सवयीनं माहीत होतं.

आईने फोन कानाला लावला.

"नंतर कर रे," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं काम चाललंय. मी बघतेय."